हौसाची तिसरी टोपली

आटपाट नगर म्हणावं इतकं काही ते मोठं नव्हतं. घरं मोजून चाळीस, विहीर एक, देऊळ एक, आणि भांडणं मात्र शंभर घरांना पुरतील इतकी. गावाचं नाव वेळूशेत. वेळू म्हणजे बांबू. गावाच्या टोकाला बांबूचं हिरवंगार, सळसळणारं बन होतं आणि त्या बनाला पाठ टेकून एक इवलीशी झोपडी उभी होती. त्या झोपडीत आठ वर्षांची हौसा आणि तिची आई राहायच्या.

दोघी मायलेकी बांबूच्या टोपल्या विणायच्या. टोपल्या खपल्या तर घरात भाकरी, नाही खपल्या तर पाणी घालून वाढवलेली पेज. हौसाच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कोणतं हे खुद्द परकरालाही सांगता आलं नसतं. पण तिला त्याचं काही नव्हतं, कारण तिच्याकडे भुंग्या होता.

भुंग्या म्हणजे तिचा कुत्रा. काळाभोर, थोराड, आणि पुढच्या उजव्या पायाच्या बोटांवर दुधाचा थेंब सांडल्यासारखा पांढरा ठिपका. हौसानं मांडीवर दोनदा थाप मारली की कुठूनही धावत यायचा आणि तिच्या पावलावर हनुवटी ठेवून बसायचा. तो फार म्हातारा झाला होता. दिवाळीनंतरच्या एका सकाळी कोवळं ऊन खात, हौसाच्या मांडीवर डोकं ठेवून तो शांतपणे गेला.

तेव्हापासून हौसा हसायची थांबली. विणताना ती गाणं गुणगुणायची, तेही थांबलं. आणि गंमत बघा, मन वाकडं झालं तशा तिच्या टोपल्याही वाकड्या व्हायला लागल्या. कुणाचं बूड कलतं, कुणाचं तोंड तिरकं! बाजारात माणसं टोपली हातात घेत, उलटीसुलटी करत आणि खाली ठेवून पुढं जात.

आई एकदा म्हणाली, "पोरी, एखादं पिल्लू आण की कुठनं तरी. घर कसं खायला उठतंय."

"नगं आय," हौसा म्हणाली. "भुंग्यावाणी कुणीच न्हाई."

आई परत विणायला लागली. पण रात्रीच्या पेजेत आणखी एक तांब्या पाणी घालावं लागलं, तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला. हौसानं ते पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा कोयता घेऊन बनात गेली. त्या मायलेकींची एक रीत होती. बांबू तोडण्याआधी त्याला हात लावायचा आणि विचारायचं, "घेऊ का?" आजवर कुठल्याही बांबूनं उत्तर दिलं नव्हतं. पण विचारल्याशिवाय कुणाच्या दारचं काही घेऊ नये, असं आईचं म्हणणं.

हौसाला एक सुंदर बांबू दिसला. सरळ, पिकलेला, सोन्यासारखा पिवळा. असा एक मिळाला की आठ टोपल्या होतात! तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"घेऊ का?"

"नको ना गं घेऊस," बांबूतून आवाज आला. इतका नाजूक, की घुंगरू कापसात गुंडाळून वाजवावं. "माझं घर आहे हे."

हौसानं कोयता झटकन पाठीमागे लपवला. "चुकलं! मला ठाऊक न्हवतं. मी त्यो पलीकडचा घेते. जरा वाकडा हाय, पण चालंल."

तेवढ्यात बांबूचं एक पेर उघडलं आणि आतून एक परी बाहेर आली. एवढीशी, हौसाच्या करंगळीएवढी! तिचे पंख पोपटी होते, झगा कोवळ्या कोंबाच्या रंगाचा होता, केसांत दवाचे सात थेंब लुकलुकत होते आणि पायांत गवताच्या बियांची पैंजणं होती. ती उडाली की हवेत हिरव्या चमचमत्या कणांची बारीकशी रांगोळी उमटायची.

"मी वेळूपरी," ती म्हणाली. "या बनात शेकडो माणसं येतात आणि खटाखट तोडून नेतात. विचारणाऱ्या तुम्ही दोघीच. बोल, काय हवं तुला? एक इच्छा देते. एकच हं!"

हौसाला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "परीबाई, माझा भुंग्या मला परत द्या."

परीचे पंख हळूच मिटले. "गेलेल्याला परत आणणं माझ्या हातात नाही गं, बाळ. कुठल्याच परीच्या हातात नाही."

हौसाच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. "मग मला काय बी नगं."

"बरं, इच्छा ठेवते बाजूला," परी म्हणाली. "पण एवढी आलीस तर माझी बाग तरी बघून जा."

परीनं टाळी वाजवली. दोन बांबू कुर्रर्र करत बाजूला झाले, आणि पलीकडे बाग दिसली. काय सांगू तिची शोभा! निळी, जांभळी, केशरी इवली इवली फुलं, त्यांवर भिरभिरणारी चांदीची फुलपाखरं, आणि मधोमध मऊमऊ हिरवळ. हिरवळीच्या टोकाला पानांचा एक पडदा होता आणि पडद्यामागून आवाज येत होता, "कुंईऽ कुंईऽ, भुक!"

हौसानं झटकन मान वळवली. कितीतरी दिवसांत असा आवाज तिनं ऐकला नव्हता. "पिल्लं हायेत?"

"पाच आहेत. माणसांनी रस्त्यात टाकून दिलेली. मी उचलून आणते आणि सांभाळते. त्यातलं एक तुझ्यासोबत येऊ शकेल. पण पिल्लू इच्छेनं मिळत नाही हं, ते हातानं मिळवावं लागतं."

आता परी म्हटली की नियम आलेच. वेळूपरीनं कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या पातळ पातळ पट्ट्यांचा एक भारा हौसासमोर ठेवला आणि ती म्हणाली, "पिल्लाला घरी न्यायची टोपली तू विणायची. कामट्या एवढ्याच, वर एकही मिळणार नाही. सूर्य मावळताना जे पिल्लू तू विणलेल्या टोपलीत नेमकं बसलेलं असेल, ना सैल ना घट्ट, ते तुझं. नाही जमलं तर हे दार मिटेल, आणि हे दार एका माणसाला एकदाच उघडतं."

हौसानं सूर्याकडे पाहिलं. तो टेकडीच्या वर चार हात होता. तिला भीती वाटली. पण पडद्यामागून पुन्हा "कुंईऽ" झालं आणि तिचा जीव राहीना. मनातलं खरं सांगायचं तर तिला पिल्लू हवं होतं, खूप हवं होतं. ते आजवर तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती मांडी घालून बसली आणि विणायला लागली. उभ्या कामट्या, आडव्या कामट्या, एक खालून, एक वरून. तिची बोटं भराभर चालत होती. टोपली झाली तेव्हा तिनं अभिमानानं मान वर केली. कित्येक दिवसांनी टोपली सरळ झाली होती!

"बोलवा पिल्लांना, परीबाई!"

पानांचा पडदा सरकला आणि पाच पिल्लं गडगडत बाहेर आली. एक दुधासारखं पांढरंशुभ्र. एक मधाच्या रंगाचं, शेपटीला झुबका असलेलं. एक करडं, निळ्या निळ्या डोळ्यांचं. एक काळंभोर. आणि सगळ्यांत मागून, भाजक्या चण्याच्या रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडणारं एक ध्यान.

हौसानं पांढऱ्याला उचलून टोपलीत ठेवलं. ते आत दिसेना! मधाच्या रंगाचं ठेवलं, तर ते टोपलीत गोल गोल पळायला लागलं. अहो, ती टोपली चांगली तीन विती रुंद होती. पाचही पिल्लं तळहाताएवढी, आणि हौसाच्या बोटांनी भुंग्याच्या मापाची टोपली विणून ठेवली होती. बोटांना दुसरं मापच ठाऊक नव्हतं.

परीनं आकाशाकडे बोट दाखवलं. सूर्य टेकडीच्या वर तीन हात उरला होता.

हौसानं ती मोठी टोपली बाजूला ठेवली आणि पिल्लांकडे नीट पाहिलं. आणि ती एकदम पुढं झुकली. काळ्या पिल्लाच्या पुढच्या उजव्या पायावर पांढरा ठिपका होता! तीच जागा आणि तसाच दुधाचा थेंब.

"ह्योच!" ती ओरडली. "परीबाई, मला ह्योच पायजे!"

आता तिनं डोळ्यांनी माप घेतलं, बोटांनी माप घेतलं आणि दुसरी टोपली विणायला घेतली. काम सोपं नव्हतं, कारण ते चण्याच्या रंगाचं ध्यान मध्ये मध्ये येत होतं. ते कामटी तोंडात धरायचं आणि ठोकायचं धूम! हौसा मागे धावायची. "ए उचाप्या! आण हिकडं!" उचाप्या म्हणजे नसत्या उचापती करणारा. ते पिल्लू थांबायचं, मान तिरकी करून बघायचं, कामटी टाकायचं, आणि हौसा बसली रे बसली की दुसरी पळवायचं.

शेवटी टोपली झाली. काळं पिल्लू तिच्यात ठेवलं, तर अगदी नेमकं बसलं. ना सैल ना घट्ट. बाकीची चारही पिल्लं आनंदानं भुंकली.

हौसाचे डोळे भरून आले. तिनं मांडीवर दोनदा थाप मारली आणि हाक मारली, "भुंग्या!"

पिल्लानं मागे वळून पाहिलं. दुसरं कुणी आलंय की काय, असं त्याला वाटलं.

"भुंग्या, ये की!" हौसानं पुन्हा थाप मारली. पिल्लू बसूनच राहिलं. "असा काय करतूस? पायावर हनुवटी ठेव! भुंग्या ठेवायचा!" तिचा आवाज चढला. पिल्लू थरथरलं, कोपऱ्यात अंग चोरून बसलं आणि भीतीनं त्याला टोपलीतच शू झाली.

हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पटकन त्याला उचललं, आपल्या ठिगळांच्या परकरानं पुसलं आणि छातीशी धरलं. "उगी, उगी. तुझं काय बी चुकलं न्हाई रं, माझ्या राजा."

तिनं त्याला अलगद हिरवळीवर ठेवलं.

"अगं, नियमानं तो तुझा झाला असता," परी म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत नुसतं बसून राहायचं होतं."

"ह्याला न्हेलं तर मी रोज म्हणंन, भुंग्या असं करायचा, तू का करत न्हाईस?" हौसा म्हणाली. तिला हुंदका आला, पण ती थांबली नाही. "त्यो भुंग्या न्हाई. त्याला भुंग्या व्हायला लावायचं म्हंजे त्याच्यावर अन्याव हाय."

परीचे पोपटी पंख त्या क्षणी कडेनं सोनेरी झाले. पण हौसा रडत होती, तिला ते दिसलं नाही.

आणि रडता रडता तिच्या हातातली कामटी कुणीतरी ओढली. पुन्हा तेच ध्यान! उभा कान उभा, पडलेला कान पडलेला, आणि डोळ्यांत सगळी दुनिया चावून बघायची हौस. हौसानं ओढलं, त्यानं ओढलं. हौसानं जोरात ओढलं, त्यानं आणखी जोरात ओढलं आणि अचानक तोंड उघडलं. हौसा धप्पकन पाठीवर पडली. पिल्लू तिच्या पोटावर चढलं आणि विजयी मुद्रेनं शिंकलं.

हौसा हसली. आधी खुदकन, मग खळखळून. इतकी हसली की फुलांवरची फुलपाखरं उडाली. हसून झाल्यावर ती उठून बसली आणि म्हणाली, "परीबाई, मला ह्यो पायजे."

"हा? एक कान मोडका, अंगात चार वांदरांची मस्ती. तुझं एक ऐकायचा नाही."

"न्हाई ऐकू दे. ह्यो ह्योच हाय."

सूर्य आता टेकडीच्या वर हातभरच होता. हौसा माप घ्यायला गेली, तर पिल्लू जागेवर थांबेल तर शपथ! डोकं मोजावं तोवर शेपटी गायब. शेपटी धरावी तोवर स्वारी फुलपाखरामागे. डोळ्यांनी माप घ्यावं तर त्याचा आकार घडीघडीला बदलत होता, कधी गोल, कधी लांबुडका. हौसाला घाम फुटला.

मग तिनं माप घेणं सोडूनच दिलं. जमिनीवर टोपलीचं बूड विणायला घेतलं. इवलंसं बूड झालं न झालं, तोच पिल्लू आलं, त्याच्यावर फतकल मारून बसलं आणि उभ्या कामट्या चावायला लागलं. हौसानं त्याला हाकललं नाही. ती त्याच्याभोवती विणत गेली. त्याची पाठ होती तिथं कामटी वळली, त्याचं पोट सुटलं होतं तिथं कामटी फुगली. विणता विणता ती नकळत गुणगुणायला लागली, आणि गाणं ऐकून पिल्लू जरा वेळ गप्पसुद्धा बसलं.

पण काठ घालायची वेळ आली आणि कामट्या संपल्या. भारा रिकामा! काठाशिवाय टोपली म्हणजे भोकाचं भांडं, हात लावताच सुटणार.

हौसानं इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या टोपलीत काळं पिल्लू स्वतःहून शिरलं होतं आणि गाढ झोपलं होतं. आत्ताच कुठं बिचाऱ्याची भीती गेली होती, त्याला उठवायला तिचा जीव होईना. राहिली एकच. ती मोठी, तीन विती रुंद, भुंग्याच्या मापाची.

हौसा तिच्याजवळ गेली. टोपली रिकामी होती, तरी तिनं तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. "भुंग्या," ती म्हणाली, "तू माझा लई लाडका. तुला मी कधी सुदीक इसरणार न्हाई. पर आता मला ह्या कामट्या लागणार हायेत रं."

आणि तिनं ती टोपली उसवायला घेतली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबले नाहीत. लांब, मजबूत कामट्या निघाल्या. तिनं त्यांचा काठ घातला, एक वेढा, दुसरा वेढा, आणि टोक आत खोचलं. सूर्य टेकडीवर टेकला होता. नखाएवढा उरला होता.

"झाली!"

आणि नेमकं तेव्हाच एक चांदीचं फुलपाखरू टोपलीवरून गेलं. पिल्लानं टुणकन उडी मारली आणि ते बाहेर!

नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे. सूर्य मावळताना पिल्लू टोपलीत हवं. पिल्लू बागेच्या दुसऱ्या टोकाला, सूर्य जवळजवळ गेलेला, आणि दाराचे दोन बांबू कुर्रर्र करत मिटायला लागलेले. धावून धरायला वेळ नव्हता. हौसानं मांडीवर थाप मारली नाही. तिनं सगळ्या अंगातला जीव आवाजात आणून हाक मारली,

"उचाप्याऽऽ!"

पिल्लाचा उभा कान ताठ झाला. पडलेला कानसुद्धा उभा झाला! दुपारभर हीच हाक तर त्यानं ऐकली होती. त्यानं गर्रकन वळून पाहिलं, आणि ते निघालं! फुलं तुडवत, गडगडत, दोनदा आपटत, जीभ बाहेर, कान वाऱ्यावर. शेवटची उडी त्यानं अशी मारली की थेट टोपलीत. पाठीला पाठ लागली, पोटाला पोट. ना सैल ना घट्ट!

सूर्य मावळला.

"तुझा!" परी टाळ्या पिटत ओरडली. "हौसा, तो तुझा झाला!" बागेतली सगळी फुलं एकदम उमलली आणि मिटणारे बांबू मिटता मिटता थांबले. हौसा टोपली डोक्यावर घेऊन गिरक्या घेत नाचली. उचाप्या वरून भुंकून गावाला वर्दी देत होता.

"पण पोरी, तुझी इच्छा अजून माझ्याकडेच आहे," परी म्हणाली. "पिल्लू तू हातानं मिळवलंस. आता माग. सोनं माग, धान्य माग."

हौसाला घरचं मडकं आठवलं. त्याच्या तळाशी चिमूटभर पीठ होतं. आईचं विटलेलं लुगडं आठवलं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर हिरवळीवर गेली. तीन पिल्लं एकमेकांना चिकटून उचाप्याकडे बघत होती आणि चौथं झोपेत पाय हलवत होतं.

"परीबाई, ह्या चौघांना बी घर मिळू द्या. जी माणसं त्यांना त्यांच्याच नावानं हाक मारतील, अशा माणसांचं."

वेळूपरीनं तिच्याकडे पाहिलं. तिचे पंख आता पुरते सोनेरी झाले होते. "तुझ्यासाठी काहीच नाही?"

"मला मिळालं की," हौसा म्हणाली.

परी हसली. तिच्या केसांतले दवाचे सात थेंब पेटले, पोपटी, केशरी, गुलाबी, निळे. ती उजळत गेली, आधी काजव्याएवढी, मग पणतीएवढी, मग सगळं बन सोन्यानं न्हाऊन निघालं. त्या उजेडाचे चार झोत झाले आणि एकेक पिल्लू अलगद उचलून गावाकडे निघाले. हौसानं डोळे चोळून पाहिलं, तेव्हा बाग नव्हती, परी नव्हती. ती बनाच्या काठावर उभी होती आणि डोक्यावरच्या टोपलीतून कुणीतरी तिची वेणी चावत होतं.

त्या संध्याकाळी वेळूशेतात चार दारांत चार पिल्लं आली. पांढरं लोहाराकडे गेलं आणि तासाभरात काळं झालं. मधाच्या रंगाचं पाटलांच्या जुळ्या मुलींनी पळवलं, करडं देवळातल्या गुरवांकडे. आणि काळं आलं शाळेतल्या बाईंच्या ओसरीवर. बाईंनी जन्मात कधी कुत्रं पाळलं नव्हतं, त्यामुळे ते जे जे करी ते सगळं त्यांना अप्रूपाचं वाटे. त्यांनी त्याचं नाव ठेवलं काजळ्या, आणि काजळ्या पहिल्याच हाकेला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचाप्याची टोपली बघून त्या चारही घरची माणसं हौसाच्या दारात हजर. "आमच्या पिल्लालाही अशीच अंगाभोवती विणलेली टोपली हवी!" ती बातमी या गावातून त्या गावात गेली. मग काय विचारता! कुणी मांजर घेऊन आलं, कुणी कोकरू, आणि एक आजोबा तर आपल्या तान्ह्या नातवाला घेऊन आले. झोपडीसमोर ही रांग! मडकं पिठानं भरलं, आईला हिरवं लुगडं आलं, झोपडीला खरंखुरं लाकडी दार बसलं. आणि हौसाच्या टोपल्या इतक्या सुबक व्हायच्या की बाजारात नेण्याआधीच संपायच्या.

एके दिवशी रांग अशीच लागलेली असताना उचाप्यानं आईच्या हातातली कामटी पळवली, लोहाराच्या पायातून गेला, गुरवांना पाडलं आणि विहिरीला तीन चकरा मारल्या. सगळा गाव पोट धरून हसला. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय बाई ह्यो कुत्रा! भुंग्या असा न्हवता गं!"

हौसानं मान वर केली. भुंग्याचं नाव ऐकून तिला रडू आलं नाही.

"न्हवताच मुळी!" ती हसत म्हणाली, आणि उचाप्याच्या मागं धावत सुटली.